समुद्र चढला की पावसाचे पाणी अडते

समुद्राची पातळी वाढते आहे असे म्हटले की पुण्यातील आपल्यापैकी बहुतेकांना तो मुंबईचा किंवा कोकणाचा प्रश्न वाटतो, कारण आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर राहतो. आकडेही किरकोळ भासतात. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली; २००६ ते २०१८ या वर्षांत हा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरवर गेला. हिमनद्या आणि हिमस्तर वितळत आहेत, शिवाय तापलेले पाणी प्रसरण पावते. पण मुंबईत, जिथे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथे एवढ्याशा वाढीने काय बिघडणार, असे माझा धाकटा भाऊ मला नेहमी विचारतो.

बिघडते ते पर्जन्यजल वाहिन्यांच्या तोंडाशी. मुंबईतील १८६ पातमुखांपैकी, म्हणजे पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या तोंडांपैकी, ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत आणि भरतीतही मोकळी राहणारी केवळ ६ आहेत, असे या विषयावरील अहवालांत नोंदवलेले आहे. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून ज्या पातमुखांवर दारे आहेत ती बंद करावी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी मोठा पाऊस झाला तर शहरातले पाणी शहरातच तुंबते. दादरच्या सखल हिंदमाता भागाजवळ राहणारी माझी ताई पावसाळ्यात बाहेर पडण्याआधी भरतीची वेळ पाहते. ऐन भरतीत रस्त्यावरचे पाणी गटाराच्या जाळीतून खाली उतरत नाही, उलट जाळीतूनच काळे पाणी उसळून वर येते, आणि ओहोटी लागली की तेच पाणी बघता बघता ओसरते, हे तिने मला गच्चीवरून दाखवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि भरतीमुळे मिठी नदीलाही वाट मिळाली नाही. समुद्राची सरासरी पातळी वर सरकली की प्रत्येक भरती तेवढ्या अधिक उंचीवरून सुरू होते आणि दारे बंद ठेवण्याचा काळ लांबतो. मिलिमीटरचा हिशेब असा तासांत मोजावा लागतो.

पुणेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. मुठा भरून वाहू लागली की तिला मिळणारे ओढे आणि गटारेही मागे तुंबतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की विसर्ग कमी केला की नदी उतरते. समुद्राला असा विसर्ग नाही.

हाजीअली, इर्ला येथील उदंचन केंद्रे, म्हणजे तुंबलेले पाणी पंपाने समुद्रात टाकणारी केंद्रे, आवश्यकच आहेत. परंतु पंप पाणी उपसतात, पाण्याला जागा देत नाहीत. ती जागा खाजणांत, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जमिनींत, आणि कांदळवनांत होती, आणि मिठीच्या काठची पाणथळ जमीन बुजवूनच वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. म्हणूनच किनाऱ्यावरील कोणत्याही बांधकामाला परवानगी देताना आजच्या भरतीची पातळी न धरता ती इमारत जेवढी वर्षे उभी राहणार, त्या वर्षांच्या अखेरची पातळी धरावी, आणि उरलेल्या खाजणावर भरावाचा एकही ट्रक जाऊ देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.