चार दिवस, दोन मोटरसायकली आणि न बसणारे पाने

नकाशा, रेनकोट, पंक्चरचं सामान सगळं आठवणीनं घेतलं होतं. पान्यांची पिशवी मात्र "आहे ना ती" म्हणत तशीच कोंबली, आणि तिनंच चार दिवसांत तीनदा घोळ घातला. माझी गाडी जपानी बनावटीची, मित्राची आजोबांच्या वयाची ब्रिटिश. असं जोडपं घेऊन निघणार असाल तर पुढचं वाचाच.

पहिला दिवस बिनबोभाट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी चेन लोंबायला लागली. चेन ताणायची तर आधी मागच्या अ‍ॅक्सलचा नट सैल करावा लागतो. त्यासाठी २४ मिमीची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) मुद्दाम घेतली होती, म्हणून ऐटीत खाली बसलो. जोर लावला, तर नटाबरोबर अख्खा अ‍ॅक्सलच फिरायला लागला. पलीकडचं डोकं १९चं, आणि ते धरायला माझ्याकडे काहीच नाही! मित्राचा स्क्रू पाना होता म्हणून निभावलं. तो वापरताना ओढ नेहमी त्याच्या स्थिर जबड्यावर यायला हवी. सरकत्या जबड्यावर आली की तोंड पसरतं आणि नटाचे कोपरे जातात.

तिसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीच्या सायलेन्सरच्या पट्टीचा नट खडखडायला लागला. १३चा पाना आत जाईना, १४चा डुलत होता. "अरे, जरा तिरका धर आणि फिरव," तो म्हणाला. फिरवला. कट्ट! गंजलेल्या नटाच्या एका कोपऱ्यावर ताजी, चंदेरी चमक. अजून दोनदा तसं केलं असतं तर नट गोलच झाला असता. खरी गोम मापाच्या पद्धतीत आहे. मेट्रिक पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर मात्र बोल्टची जाडी कोरलेली असते. तिथल्या १/४च्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिमी. १३ आणि १४च्या मधेच! शेवटी फीलर गेजची (बारीक फटी मोजायच्या पात्यांची) ०.५ मिमीची पात १४च्या तोंडात नटाच्या सपाट बाजूला सारली, तेव्हा पकड बसली.

अमेरिकी इंची मापांचं जरा वेगळं. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे बहुतेक वेळा १९ची गोटी चालून जाते. पण १/२ इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ची गोटी घट्ट आवळलेल्या नटाला गोल करते.

आता पिशवीचं. जपानी गाडीला ८, १०, १२, १४, १७ एवढ्यात बहुतेक सगळं उरकतं. युरोपीय गाडीवर ८ मिमी जाडीच्या बोल्टला सहसा १३चा पाना लागतो, १० मिमीच्याला १६ किंवा १७चा. १०ची गोटी दोन घ्या. बॅटरीच्या टर्मिनलपासून पॅनेलपर्यंत तीच लागते आणि गवतात तीच हरवते. गोटी आतून सहा कोपऱ्यांची हवी. बारा कोपऱ्यांची बसवायला सोपी, पण जाम झालेल्या नटावर तीच घसरते. गोट्या फिरवायचं रॅचेट ३/८ इंची चौकोनी टोकाचं पुरे, अ‍ॅक्सलसाठी मात्र १/२चा लांब दांडा. आणि निघण्याआधी एक संध्याकाळ काढून प्रत्येक नटावर आपला पाना प्रत्यक्ष बसवून बघा, दोन्ही बाजूंनी. आवळलेल्या नटावरून बोल्टपर्यंत रंगाची एक रेघ ओढली, तर सैल झालेला नट मुक्कामावर नुसत्या नजरेला कळतो.

चौथ्या दिवशी पावसात माझी गाडी मिसफायर व्हायला लागली. स्पार्क प्लग काढून बघायला हवा होता. प्लग १६चा, गोटीही १६ची, लांबही पुरेशी. पण प्लगचा खड्डा अरुंद आणि गोटीची भिंत जाड, ती आत शिरेचना. गाडीबरोबर आलेला पातळ पत्र्याचा नळीसारखा प्लग पाना नेमका याच कामाचा. तो मी अगदीच हलका वाटतो म्हणून घरी काढून ठेवला होता. उरलेले चाळीस किलोमीटर आचके खात पार केले, मित्राची म्हातारी पुढे छान ठकठकत चालली होती.