आमची वाटचाल: शिडं शिवता शिवता मचवा

आमचा धंदा मुळात शिडं शिवायचा. गोव्यात बेतीला भाड्याची शेड, एक जुनी पायमशीन, तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा आणि मेण लावलेला दोरा, एवढ्यावर सुरुवात. गिऱ्हाईक म्हणजे वीकेंडला यॉटिंग करणारे, त्यांची फाटकी शिडं, आणि वर हॉटेलवाल्यांच्या ताडपत्र्या. खोटं कशाला सांगू, पोट ताडपत्र्यांनीच भरलं.

मग हा मचवा मिळाला. लाकडी, तिरकस शिडाचा, एके काळी किनाऱ्याने कौलं आणि मीठ वाहायचा, पुढे कोणीतरी इंजिन बसवून डोलकाठीच काढून टाकली होती, ती आम्ही परत उभी केली. लोक म्हणाले म्युझियमला देऊन टाक, नाहीतर जेटीला बांधून रेस्टॉरंट कर. मला पटलं नाही, मला त्याच्यावर पोरांना शीड हाकायला शिकवायचं होतं. बांधून ठेवलेल्या होडीवर कोण काय शिकणार? गाठी मारायला यूट्यूबवरही शिकता येतं, पण ओला दोर हातातून सुटत असताना कुठली गाठ मारायची ते होडी चालू असतानाच कळतं.

शिकवतात आमचे आबा, वेंगुर्ल्याचे जुने तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचे म्होरके. पोरगा दोराला झोंबला की ओरडतात, "झिला, आधी वारो बघ, मगे दोर धर!" पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, जमेल तेव्हा ओहोटीबरोबर मांडवी नदीतून बाहेर पडायचं, दुपारी समुद्रावरून खारा वारा आला की त्याच्यावर परत यायचं. इंजिन आहे, पण ते चालू केलं की आबा दुपारपर्यंत बोलत नाहीत.

सगळ्यात अवघड असतं बाजू बदलणं. शिडाला वर जी लांब काठी असते ती डोलकाठीच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे वाऱ्यात तोंड घालून वळणं परवडत नाही, वारा पाठीवर घेऊन वळायचं, काठी उभी करायची, डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायची, तोवर एकाने शिडाचा मोकळा दोर पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला आणायचा. एकाने जरा घाई केली तरी शीड डोलकाठीलाच गुंडाळतं. हे फळ्यावर शिकवून बघितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाण्यात गेल्यावर एकालाही जमलं नाही.

गोव्यात होड्या बांधणारे हात आहेत हो. नौदलाचं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज 'तरंगिणी' वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलं, १९९७ साली ते नौदलात दाखल झालं. त्याला २० शिडं, आणि त्यावर ट्रेनी अजूनही हातानेच दोर ओढतात. नौदलाच्या शिडाच्या होड्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज पण गोव्यातच झालं, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. शिवणारे कारागीर केरळातून आणता आले, पण तसलं जहाज हाकलेला माणूस कुठेच उरला नव्हता, ते नौदलाच्या पोरांना नव्याने शिकावं लागलं. आमच्या तिरकस शिडाचं तसं होऊ नये एवढाच आमचा खटाटोप.

पैशाचं म्हणाल तर कोर्स एकटा धंदा चालवत नाही. शापोऱ्याहून मिठाची पोती आणतो, टुरिस्ट घेतो, ताडपत्र्या आजही शिवतो. एका ऑफिसात आमची फाइल फिरत राहिली, कारण फॉर्मवर मालवाहू किंवा पॅसेंजर एवढेच दोन पर्याय, शाळा कुठेच नाही. शेवटी पॅसेंजर लिहिलं.

जूनपासून मचवा वर काढून झापांखाली ठेवतो. मग फटींत कापूस ठासणं, राळ, काजूच्या टरफलाचं तेल. तेलाने हात भाजतात, साबणाने जात नाही, आधी खोबरेल चोळा असं नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, तरी एकजण दरवर्षी डोळे चोळतोच.

यंदा आबांची नवीन अट आहे, डेक घासल्याशिवाय सुकाणूला हात नाही, कॉर्पोरेट ग्रुपला पण. एक ग्रुप चिडून रिफंड घेऊन गेला. बाकीचे घासतात.