मायनरला शांतता, रूमवर भांडण

मेजर इकॉनॉमिक्स आणि मायनरला शांतता व संघर्ष निवारण. सोपं जाईल म्हणून घेतलेलं, खोटं कशाला बोलू. आज रोल प्लेमध्ये मला मध्यस्थ केलं आणि पाचव्याच मिनिटाला मी "अगं पण चूक तुझीच आहे ना" बोलून मोकळी 🤦‍♀️ मॅडम म्हणाल्या, काय हवंय ते ऐकलंस, का हवंय ते विचारलंच नाहीस.

मग मॅडमनी उदाहरण दिलं १९७८ च्या कॅम्प डेव्हिडचं, म्हणजे अमेरिकेत झालेल्या इजिप्त-इस्रायल वाटाघाटींचं. इजिप्तला युद्धात इस्रायलकडे गेलेला अख्खा सिनाई प्रदेश परत हवा, इस्रायल सोडेना, नकाशावर रेघ कुठेही मारा कोणीतरी नाराजच, पण एकाला आपली जमीन हवी होती आणि दुसऱ्याला सीमेलगत रणगाडे नको होते, म्हणून जमीन इजिप्तला आणि सैन्यावर मर्यादा. (पॅलेस्टाइनचा प्रश्न लटकलेलाच राहिला, ते आहेच.)

रूमवर आले. रात्री लाइट चालू ठेवण्यावरून रूममेटशी तीन दिवस अबोला. विचारलं, का गं? म्हणाली, अंधारात झोप नाही लागत, लहानपणापासून. आणि मी समजत होते मुद्दाम करते.

आता लाइट चालूच आहे, ती घोरतेय, डोळ्यांवर ओढणी घेऊन बघितली, नाही जमलं, म्हणून ही पोस्ट.