वहीतल्या जादा रेघा

तीन आठवड्यांच्या अमेरिकावारीत शिकागो झालं, नायगारा झाला, त्यांचे फोटो फोनमध्ये आहेत. मनात मात्र राहिली ती डेट्रॉइटची बेसबॉलची एक संध्याकाळ, 25 सप्टेंबर 2024, बुधवार.

मावसभाऊ डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला असतो. गाड्यांच्या कामासाठी पुण्याहून आलेली मराठी घरं त्या भागात पुष्कळ. त्याला रात्री ऑफिसचा कॉल होता, म्हणून डेट्रॉइटच्या टायगर्स संघाच्या मैदानाच्या, कोमेरिका पार्कच्या, दारातल्या वाघाच्या पुतळ्यापाशी मला सोडून तो परत गेला. माझी खुर्ची डाव्या अंगाला, बुलपेनच्या वर. राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, हात गरम करतात ती जागा. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये बसतो तेव्हा बंद खोलीत दार आपटावं तसा आवाज येतो, आणि तो टीव्हीवर कधीच कळत नाही.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. मुलीच्या मांडीवर स्कोअरची वही, हातात पेन्सिल. मी क्रिकेटवाला आहे म्हटल्यावर तिने इतक्या आपुलकीने सगळं समजावलं की आपल्याकडे स्टेडियममध्ये परक्या माणसाला कोणी इतका वेळ देईल का, असं मनात आलं. 10 ऑगस्टला टायगर्सचे 55 विजय आणि 63 पराभव होते. हंगामाअखेरची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, गाठण्याची शक्यता जाणकारांनी 0.2 टक्के धरली होती. जुलैअखेर तर जॅक फ्लॅहर्टीसारखा पिचर डॉजर्स या दुसऱ्या संघाला देऊन टाकलेला. तेव्हा ती चिडली होती. पण त्या बदल्यात आलेला ट्रे स्वीनी, नवखाच, आता शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, उभा होता आणि टीम प्लेऑफच्या उंबरठ्यावर होती.

वाद बापलेकीतच पेटला होता. भरवशाचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, एकच, तारिक स्कूबल. बाकी बहुतेक दिवशी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ए. जे. हिंच नऊपैकी एक-दोन इनिंग झाल्या की पिचर बदलायचे. वडिलांना ते अजिबात पटत नव्हतं. 1984 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, टायगर्सच्या जॅक मॉरिसने दोन सामने शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने टाकले, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मुलीचं म्हणणं, बॅटर तोच पिचर तिसऱ्यांदा बघतो तेव्हा त्याला चेंडू वाचता येतो, मग त्याला ती संधी द्यायचीच कशाला? तिने मागची पानं दाखवली. पिचरांसाठी छापलेल्या ओळी संपून खाली हाताने रेघा मारलेल्या, पान पान तसंच.

आपल्याकडे कप्तान बोलरला काढतो आणि दहा ओव्हरनंतर परत आणतो. इथे एकदा काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून बुलपेनमध्ये कोणी उठून हात फिरवायला लागला की सगळ्या ओळीतल्या माना तिकडे वळत होत्या.

आणि मग जॅक्सन जोब उठला. बावीस वर्षांचा, 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसरा, मेजर लीग या सर्वोच्च लीगमधली पहिलीच रात्र. इथे बापलेकीच्या बाजू उलटल्या! मुलगी म्हणाली, याला आत्ता नको. मे महिन्यात मांडीच्या स्नायूने बसवला होता, पोराला जपा. वडील म्हणाले, टाकू दे. ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफला, समोरच्यांनी याला कधी पाहिलेलं नसेल, तेच आपलं शस्त्र. मला दोघांचंही पटत होतं. तो खाली चेंडू टाकत होता, गळ्यातली शिर दिसेल इतक्या जवळ, आणि कोणाकडेच बघत नव्हता.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा वडील उभे राहिले. मुलीने शेंगदाण्याच्या पाकिटाची कड पट्टीसारखी धरून वहीत आणखी एक रेघ मारली आणि नाव लिहिलं. मग पेन्सिल माझ्याकडे देत म्हणाली, तुमच्या लिपीत लिहा ना. मी 'जोब' लिहिलं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

सामना जिंकला. पार्किंगच्या गर्दीत मावसभावाची गाडी सापडायला पाऊण तास गेला, तोही सुखाचा.

शुक्रवारी रात्री नोव्हायच्या दिवाणखान्यात आम्ही टीव्हीसमोर होतो. शिकागो व्हाइट सॉक्सवर 4-1. 2014 नंतर पहिल्यांदा टायगर्स प्लेऑफमध्ये, आणि व्हाइट सॉक्सचा हंगामातला 121 वा पराभव, त्याचं वाईट वाटण्याइतकी मला या खेळाची ओळख झाली होती. मैदानावर पोरं एकमेकांवर उड्या मारत होती. कॅमेरा डाव्या अंगावरून दोनदा फिरला. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं, पण वहीवाली काही दिसली नाही.