वेतोबाची चालत वारी
गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी आईनं कोकणातल्या आरवली गावच्या वेतोबा देवाला चपलांचा जोड बोलला होता. ती पायी देवून येणार होती. तिच्यानं आता ते होणं नाही, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर आठवडाभर वेंगुर्ल्याला मुक्कामाला गेलो आणि एका सकाळी जोड खांद्याला बांधून निघालो.

तो आठवडा विसरता येणार नाही. ऑक्टोबरची काहिली सरलेली, आकाश धुतलेलं. पहाटे सह्याद्रीकडून मतलई वारा यायचा, जमीन रात्रीत समुद्रापेक्षा लवकर निवते म्हणून, आणि दहा-अकराला तो पडला की खारा वारा सुरू. चालणाऱ्यानं पहाटेचा वारा धरावा. मी साडेपाचलाच निघालो. देवळात काकड आरती चालू होती.

मोचेमाडची घाटी चढताना अंगाला घाम असा आलाच नाही. खाली खाडीवर धुकं आणि पलीकडच्या कुणग्यांत भाताच्या उडव्या. ओल्या पेंढ्याचा वास, त्यात खांद्यावरच्या कोऱ्या कातड्याचा. पावलागणिक चपला एकमेकींवर करकरत होत्या. एकेक चप्पल कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. पुढे टाक गावात एक आजी अंगणात मळणी करत होत्या.

"खंयसून इलास रे?"

"वेंगुर्ल्यासून."

"चलत?" त्यांनी चपलांकडे बघून हात जोडले, मग मला तांब्याभर पाणी दिलं.

हे अंतर बाराएक किलोमीटर. आईच्या लेखी काहीच नव्हे. 1976 साली रेडीच्या खाणीत गणपती सापडला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती आणि वाडीतल्या बायकांबरोबर वेंगुर्ल्याहून थेट रेडीला चालत गेली होती, आरवली-शिरोडा ओलांडून. त्या बायका वेतोबासमोर थांबल्या, ते तिला गणपतीपेक्षा जास्त आठवतं.

वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार. पूर्वी फणसाच्या लाकडाची मूर्ती होती, आता पंचधातूची आहे, माणसाहून कितीतरी उंच, उभी. रात्री तो गावाची फेरी मारतो, म्हणून त्याला चपला. केळ्यांचे घड खांबाशी रचलेले होते. मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो, आईचं नाव घेतलं, जोड पुढे ठेवला. इथे माझा गळा दाटला.

मग शेजारचे जुने जोड वाकून पाहिले. एकाची टाच बाहेरच्या बाजूनं घासलेली, अंगठ्याखाली कातडं काळं आणि गुळगुळीत झालेलं. आपल्या पायातल्या चपलेला होतं अगदी तसं. मी बराच वेळ तिथेच बसलो.

बाहेर येऊन आईला फोन लावला. माझे पाय दुखतात का, हे तिनं विचारलं नाही.

"झिजलीत रे?"

"होय गे. टाचेकडे."

थोडा वेळ ती बोलली नाही. "मगे चलता हा तो," म्हणाली.