सिसप्लाटिन आणि किडनी: सलाईन एवढं का लावतात?

सिसप्लाटिन या कॅन्सरवरच्या केमोच्या औषधाच्या दिवशी औषधापेक्षा सलाईनच्याच बाटल्या जास्त का, असं नातेवाईक हमखास विचारतात. हे औषध किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठतं आणि त्यांना मारतं. म्हणून आधी आणि नंतर मिळून साधारण दोन लिटर नॉर्मल सलाईन, सोबत मॅग्नेशियम. लघवी तासाला १०० मिलीच्या आसपास व्हायला हवी. घाई करून शेवटची बाटली अर्धवट सोडू नका.

खरी गडबड घरी गेल्यावर होते. नाशिकहून सुरगाणा, पेठसारख्या लांबच्या तालुक्यांकडे एसटीने जायचं म्हणून पेशंट पाणीच पीत नाही. त्यात उलट्या, त्यात एप्रिलचं ऊन. मग अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणतात. किडनीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला, ही गोळी तो आणखी घटवते. पॅरासिटामॉल चालते, पण आधी ताप मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर गोळी नंतर, आधी डॉक्टरांना फोन.

क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) बहुधा आठवडा-दहा दिवसांत चढतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट फसवा. वाळलेल्या पेशंटमध्ये तर स्नायूच कमी, म्हणून किडनी बिघडूनही आकडा १.० दिसू शकतो, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) विचाराच, पण तोही क्रिएटिनिनवरून काढला असेल तर अशा पेशंटमध्ये खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. पायात गोळे, बोटांना मुंग्या आल्या तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही तपासायला सांगा. सीटी स्कॅन कॉन्ट्रास्टसह (शिरेतून देतात ते औषध, त्याचाही किडनीवर ताण येऊ शकतो) ठरला असेल, तर केमोची तारीख स्कॅन सेंटरच्या डॉक्टरांना आधी कळवा.

पाणी किती प्यायचं ते हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.