मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: जवळून लढायची हत्यारं शिकतानाचा माझा अनुभव

मॉन्स्टर हंटर वर्ल्ड या अजस्र मॉन्स्टरांच्या शिकारीच्या व्हिडिओ गेममध्ये एकूण १४ हत्यारं आहेत. धनुष्य आणि दोन बोगन (बंदुकीसारखी हत्यारं) लांबून मारायच्या. उरलेली ११ मॉन्स्टरच्या अंगाला भिडून लढायची, आणि मी इथे फक्त त्यांच्याबद्दल लिहितोय. गेम २०१८ चा असला तरी आमच्याकडे गावोगावी पोरं आत्ता कुठे तो खेळायला लागलीत, कारण जुना गेमिंग लॅपटॉप आता हाताशी येतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, सगळ्यात जास्त मार कोणत्या हत्याराचा?"

त्या प्रश्नाचं उत्तर हत्याराच्या पाटीवर मिळत नाही, कारण तिथला आकडा फुगवलेला असतो. सुरुवातीच्या ग्रेट सोर्डवर ३८४ लिहिलेलं दिसेल, हॅमरवर ४१६ आणि ड्युअल ब्लेड्सवर ११२. ग्रेट सोर्डच्या आकड्याला ४.८ ने भागा, हॅमरच्या ५.२ ने, ड्युअल ब्लेड्सच्या १.४ ने. तिन्हीकडे ८० च येतात. खरी ताकद सारखीच आहे. फरक आहे तो एका घावाला लागणाऱ्या वेळात. या गेममध्ये एकदा बटन दाबलं की तो घाव पूर्ण होईपर्यंत तुम्ही जागेवर अडकता. म्हणून मी कोणतंही हत्यार शिकताना आधी दोनच गोष्टी बघतो: आपण किती वेळ अडकतो, आणि समोरचा मॉन्स्टर दोन हल्ल्यांच्या मधे तेवढा वेळ देतो का.

आधी सरावाची जागा. अस्टेरात, म्हणजे गेममधल्या आपल्या मुख्य तळावर, आपल्या खोलीतल्या मांजराशी बोललं की ट्रेनिंग एरिया उघडतो. तिथे पडद्यावर पुढची बटनं दिसतात, खांबावर मारलं की आकडे दिसतात. नव्या हत्याराचे तीन घाव मी तिथे पक्के करतो: एक छोटा, एक मोठा आणि एक सुटका करून घेणारा. सगळे कॉम्बो (घावांच्या साखळ्या) पाठ करायला बसू नका, खऱ्या शिकारीत त्यातले अर्धे वापरायची वेळच येत नाही. मग एखादा ओळखीचा, सोपा मॉन्स्टर घ्यायचा, ग्रेट जाग्रास किंवा कुलू-या-कू. पहिली काही मिनिटं हत्यार म्यानातच ठेवून त्याच्याभोवती फिरायचं. कोणत्या हल्ल्यानंतर तो थांबतो, कोणत्या हल्ल्यानंतर लगेच वळतो, हे डोळ्यांत बसलं पाहिजे. शिकारीला ५० मिनिटं असतात, घाई कसलीच नाही.

धारेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग हत्याराला नावं ठेवतात. धारेच्या रंगाप्रमाणे मार गुणला जातो: पिवळा १.०, हिरवा १.०५, निळा १.२, पांढरा १.३२. निळ्यावरून हिरव्यावर घसरलात की मार साधारण १२ टक्क्यांनी कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे कडक जागेवर हत्यार टणकन उडतं, आणि त्या उडण्यात तुम्ही अडकता ते वेगळंच. बॅरॉथच्या डोक्यावर किंवा कुलूने पुढे धरलेल्या दगडावर तलवार उडते ती यामुळेच. धार लावायचा दगड वर्ल्डमध्ये कधी संपत नाही, त्यामुळे मॉन्स्टर जागा सोडून निघाला की लगेच धार लावायची सवय लावा. हत्यारं सुधारत नेण्याच्या झाडात फांद्या असतात. हाडांच्या फांदीतली हत्यारं मारात वरचढ पण धारेला कमी असतात, लोखंडाच्या फांदीतली धारेला चांगली. नवख्याने लोखंडाची फांदी धरावी असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट जागेची. आकडा केशरी आला तर ती नरम जागा, पांढरा-करडा आला तर कडक. ज्या जागेवर हत्याराचा ४५ टक्के किंवा त्याहून जास्त मार लागू होतो तिथे वीकनेस एक्स्प्लॉइट हे स्किल लागू होतं. आइसबोर्न (गेमचा नंतर आलेला विस्तार) नसलेल्या मूळ गेममध्ये त्याची तिसरी पातळी घेतली तर अशा जागेवर क्रिटिकल बसण्याची शक्यता ५० टक्क्यांनी वाढते. क्रिटिकल घाव सव्वा पट लागतो. म्हणून कवच निवडताना मी संरक्षणाच्या आकड्याआधी हे स्किल बघतो.

बटनांची नावं मी प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची लिहितोय. एक्सबॉक्सवाल्यांनी त्रिकोणाच्या जागी वाय, गोलाच्या जागी बी आणि आर-टूच्या जागी आरटी धरावं.

ग्रेट सोर्ड मी सगळ्यांना पहिली शिकायला सांगतो, कारण वेळ मोजायची शिस्त हीच लावते. त्रिकोण दाबून धरला की अंगावर तीन वेळा चमक येते. तिसऱ्या चमकेला सोडायचं. त्याहून जास्त धरलं तर घावाची ताकद उलट कमी होते, आणि नवखे इथेच फसतात. चार्ज चालू असताना मॉन्स्टर अंगावर आला तर गोल दाबा. खांद्याने टॅकल बसतो, थोडा मार लागतो पण तुम्ही पडत नाही, आणि पुढचा त्रिकोण थेट वरच्या पातळीच्या चार्जवर जातो. पुन्हा टॅकल, पुन्हा त्रिकोण, की ट्रू चार्ज्ड स्लॅश. हा क्रम गाळून शेवटचा घाव मिळत नाही, आणि तो पूर्ण व्हायला मोठी फट लागते: मॉन्स्टर पडलेला, सापळ्यात अडकलेला किंवा झोपलेला. झोपलेल्यावर पहिला घाव दुप्पट बसतो, तोही याच हत्याराने घ्यावा. बाकी वेळी म्यानातून काढून एक घाव, बाजूला लोळण, पुन्हा म्यान, एवढंच. रटाळ वाटतं, पण शिकार याच पद्धतीने सुटते. रुंद पातं ढालीसारखं आडवं धरता येतं, मात्र त्यात धार जाते, म्हणून ते नाइलाजालाच.

लाँग सोर्डचं गणित उलटं. इथे सतत मारत राहून स्पिरिट गेज (पडद्यावरची ताकदीची पट्टी) भरायचा, मग आर-टूने स्पिरिट स्लॅशची साखळी पूर्ण करायची. शेवटचा गोल फिरणारा राउंडस्लॅश लागला तरच तलवारीचा रंग चढतो: पांढरा, पिवळा, लाल. खरी गंमत फोरसाइट स्लॅशमध्ये आहे. घाव चालू असताना आर-टू आणि गोल एकत्र दाबले की मागे सरकून हल्ला चुकवता येतो. तो वेळेवर बसला तर पुढच्या आर-टूला साखळी गाळून थेट राउंडस्लॅश मिळतो. हल्ला नसताना उगाच दाबलं तर गेज पूर्ण रिकामा होतो. त्यामुळे मॉन्स्टरचा हात उचललेला दिसताच नाही, तो खाली यायला लागल्यावर दाबायचं. आर-टू आणि त्रिकोणाने निघणारा हेल्म ब्रेकर लालवर असतानाच आणि नरम जागेवरच वापरा, कारण त्याने रंग एक पायरी उतरतो. चार जण मिळून खेळताना या लांब पात्याने शेजारच्याचा घाव तुटतो. हॅमरवाल्याला डोक्याची जागा सोडा, तुम्ही शेपटीकडे जा.

आमच्या भागात एक अडचण वेगळीच येते आणि ती हत्याराच्या निवडीलाही भिडते. लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, ग्राफिक्स कार्डाची ताकद घटते आणि फ्रेम निम्म्यावर येतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी लाइन असूनही तेच होतं, कारण तापलेली मशीन स्वतःहून वेग कमी करते. ६० फ्रेमवर बसलेलं फोरसाइटचं टायमिंग अचानक ३० वर बसत नाही. म्हणून सेटिंगमध्ये फ्रेम रेट आधीच ३० ला बांधून ठेवायचा आणि सराव त्यावरच करायचा. वेग कमी पण एकसारखा पाहिजे. लॅपटॉप खोलीतल्या एअर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. मागून उंच करून पंख्याखाली ठेवलेला बरा. लाइन जाऊन डेस्कटॉप बंद पडला तर चालू शिकार पहिल्यापासून करावी लागते. ऑनलाइन असताना मोबाइलचं नेट तुटलं तर शिकार संपत नाही, तुम्ही एकटे पुढे लढत राहता. दगा देणाऱ्या नेटवर म्हणून एकट्याने तग धरणारं हत्यार घेऊन बसावं.

तसं हत्यार म्हणजे लान्स. लोक याला हळू म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. बाकीचे हल्ला चुकवायला दूर जातात आणि परत येण्यात वेळ घालवतात, लान्सवाला नरम जागेसमोरून हलतच नाही. त्रिकोणाने मधे, गोलाने वर भोसकायचं. सलग तीनच वार बसतात, मग एक छोटी उडी मारून पुन्हा तीन. हल्ला येताना आर-टू धरून गोल दाबला की काउंटर: हल्ला ढालीवर घेऊन लगेच वार. गार्ड स्किल जितकं चढवाल तितके धक्के कमी बसतात. चूक एकच होते, लोक ढाल धरूनच बसतात. प्रत्येक अडवलेल्या हल्ल्यात स्टॅमिना जातो आणि तो संपला की ढाल उघडी पडते. ढाल फक्त हल्ल्याच्या क्षणी.

गनलान्सही ढालवालीच, पण तिच्या गोळ्यांच्या स्फोटाला नरम-कडक जागेचा फरक पडत नाही. सगळं अंग कडक असलेल्या मॉन्स्टरवर हा मोठाच फायदा आहे. गोळ्यांनी धार मात्र भराभर उतरते.

हॅमर आणि हंटिंग हॉर्न ठोकायची हत्यारं. यांनी शेपूट तुटत नाही, पण डोक्यावर मारत राहिलं की मॉन्स्टर चक्कर येऊन पडतो. प्रत्येक वेळी पुढची चक्कर आणायला जास्त मार लागतो, म्हणून पहिल्या चकरेचा पुरता फायदा घ्या. हॅमरचा चार्ज आर-टूने. चार्ज धरून गोल दाबला की मार वाढवणारा पॉवर चार्ज मिळतो, तो प्रत्येक झुंजीच्या सुरुवातीलाच घ्यावा. हॉर्नवाल्याने इतरांसाठी गाणी वाजवण्याआधी स्वतःचा वेग वाढवणारं गाणं वाजवावं.

सोर्ड अँड शील्डला कमी लेखू नका. हत्यार हातात असतानाच औषध पिता येतं आणि सापळा लावता येतो, हे इतर कोणालाच जमत नाही. पात्याने शेपूट कापा, ढालीने डोक्यावर ठोसे द्या. ड्युअल ब्लेड्सचे घाव छोटे पण खूप, म्हणून इथे कोणत्या मॉन्स्टरला कोणतं तत्त्व (एलिमेंट) लागतं ते बघून हत्यार घ्यायचं: आन्जानाथ आणि तोबी-कादाचीवर पाणी, पुकेई-पुकेई आणि लेजियानावर वीज, डियाब्लोसवर बर्फ. ड्युअल ब्लेड्सचा डेमन मोड (जोरात मारायची अवस्था) सतत स्टॅमिना खातो, डॅश ज्यूस सोबत ठेवा. इन्सेक्ट ग्लेव्हवाल्यांनी हवेतच राहायचा मोह सोडावा. या हत्यारासोबतचा किडा मॉन्स्टरवर सोडून आधी ताकद वाढवणारे लाल, पांढरा, केशरी असे तिन्ही रस गोळा करा (बहुतेक मॉन्स्टरमध्ये लाल डोक्यात, पांढरा पायात किंवा पंखात, केशरी धडात) आणि जमिनीवरून मारा, खरा मार तिथेच आहे. स्विच ॲक्स ही तलवार होणारी कुऱ्हाड; ती तलवार झाली की कडक जागेवरही उडत नाही, एवढं लक्षात ठेवून तिची तलवार जास्तीत जास्त वेळ हातात राहील असं बघावं.

चार्ज ब्लेड (तलवार-ढाल जोडून कुऱ्हाड होणारं हत्यार) मी शेवटी ठेवतो, कारण तिला क्रम आहे आणि तो मोडला की काहीच होत नाही. तलवारीने मारून पातं चमकवायचं. गोल दाबून धरून योग्य वेळी सोडलेला दुहेरी घाव सगळ्यात जास्त भरतो. चमक पिवळी असताना आर-टू आणि गोल दाबले तर ३ फायल (ऊर्जेच्या कुप्या) भरतात, लाल असताना ५. लाल झाल्यावरही मारत राहिलात तर पातं तापतं आणि प्रत्येक घाव उडायला लागतो. नवख्यांची निम्मी तक्रार इथलीच. फायल भरल्या की लगेच स्फोट करायचा नाही. त्रिकोण-गोलने ढालीचा ठोसा, परत त्रिकोण-गोल, आणि कुऱ्हाड वर जात असताना आर-टू: फायल ढालीत जातात, ढाल लाल होते. मग पुन्हा फायल भरायच्या आणि त्याच क्रमाने, या वेळी आर-टू न दाबता, मोठा स्फोट. ढाल लाल नसेल तर स्फोट छोटाच होतो. स्फोट सरळ रेषेत पुढे जातात, म्हणून डोक्यासमोर उभं राहून सोडायचे. इम्पॅक्ट फायल डोक्यावर फुटल्या तर चक्करही येते.

डियाब्लोस या शिंगांनी धावून येणाऱ्या मॉन्स्टरवर हे सगळं तपासलं जातं. शेतात रानडुक्कर अंगावर आलं की माणूस सरळ मागे पळत नाही, बाजूला होतो. इथेही तेच, धाव सुरू झाली की आडवी लोळण. डियाब्लोस जमिनीत शिरला की स्क्रीमर पॉड (कर्कश आवाज करणारा गोळा) मारा, अर्धा बाहेर येऊन अडकतो. ग्रेट सोर्डची पूर्ण साखळी किंवा चार्ज ब्लेडचा मोठा स्फोट तेवढ्या फटीत नेमका बसतो. सोबत १० मेगा पोशन, आणखी बनवायला १० पोशन आणि १० मध, एक शॉक ट्रॅप (सापळा) आणि ट्रँक बॉम्ब (गुंगीचे गोळे). मॉन्स्टर लंगडायला लागल्यावर सापळ्यात घेऊन दोन ट्रँक बॉम्ब टाकले की जिवंत पकडता येतो. आधी शेपूट तोडायची म्हणून कापणारं हत्यार घेऊन जायचं. शेपूट पडली, कातडं काढून झालं, की कॅम्पच्या तंबूत जाऊन हत्यार बदलता येतं. मी तिथे हॅमर उचलतो आणि उरलेली शिकार डोक्यावर करतो. दोन्ही हत्यारांचे कवचासकट संच अस्टेरात आधीच सेव्ह करून ठेवले तर हे सोपं जातं.